पाझराचा पेला

तुम्ही खोटं लिहिलंत. भिंतीखालच्या वस्तीत आजवर कुणाला इजा झालेली नाही, असं तुम्ही वर कळवलंत आणि वरच्यांनी ते त्यांच्या वर कळवलं. भिंत उभी आहे हे खरं. पाणी तिच्या आत आहे हेही खरं. पण भिंत उभ्याउभ्या माणूस पाडू शकते हे तुमच्या ध्यानात आलं नाही, किंवा आलं आणि तुम्ही गिळलंत. माझी वहिनी त्या भिंतीनं पाडली. कशी पाडली ते सांगतो. मधे बोलू नका. इतकी वर्षं तुम्हीच बोलत होतात.

धरण मातीचं आहे. आमची वस्ती त्याच्या पायथ्याशी, इतकी पायथ्याशी की दिवस चांगला वर येईस्तोवर अंगणात भिंतीची सावलीच असते. वस्ती आधीची, भिंत मागाहून आली. तिच्या माथ्याला तडा गेला त्या वर्षी तुमची माणसं आली. तडा मुरुमानं बुजवला, वरून गवत लावलं. वस्ती हलवायची म्हणून घरं मोजली, माणसं मोजली, कोंबड्यासुद्धा मोजल्या. मग गेली. घरं आहेत तिथंच आहेत. कोंबड्या तेवढ्या बदलल्या.

भिंतीच्या तळाला दगडांच्या फटीतून एक पाझर येतो. करंगळीएवढी धार. त्या दिवशी वहिनी तिथं घागर भरत होती आणि तुमच्यातला एक साहेब बुटांना चिखल लागू नये म्हणून दगडावर उभा होता. वहिनीनं त्याला विचारलं, भिंत फुटायची झाली तर आम्हाला कळणार कसं. साहेब सहज बोलावं तसं बोलला की या पाझराचं पाणी बघत जा. नितळ येतंय तोवर काळजी नाही. गढूळ यायला लागलं की समजायचं, भिंत आतून वाहून जातेय, आणि पळायचं. एवढं बोलून तो जीपमध्ये बसला. संध्याकाळपर्यंत त्याला ते आठवतही नसेल. वहिनीनं ते पदराला गाठ मारून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तिनं फडताळातला काचेचा पेला काढला. लग्नात आलेल्या सहांतला उरलेला एक. राखेनं घासला, पाझरावर नेला, भरला आणि उजेडाकडे धरून एक डोळा मिटला. परत येताना शेजारणींनी विचारलं, काय गं, कसं आहे. ती म्हणाली, नितळ. त्या दिवसापासून ते तिचं काम झालं. कुणी नेमलं नाही, कुणी विचारलं नाही. रोज सकाळी वस्तीतल्या बायका चूल पेटवायच्या आधी आमच्या वाटेकडे बघायच्या. ती 'नितळ' म्हणायची आणि मग चहाचं आधण चढायचं. धरण भरलं की एकदाच बघून भागायचं नाही. सकाळी, दुपारी, दिवस कलताना, आणि मधेच जीव खायला उठला तर तेव्हाही. अंगात ताप असला तरी जायची. माहेरी आई आजारी पडली तेव्हा सकाळी गेली आणि उजेड आहे तोवर परत आली. आई म्हणाली, राहा की गं आज. ही म्हणाली, पाणी बघायचंय. आईला वाटलं, पोरगी घागरीबद्दल बोलतेय.

दुसऱ्या कुणी बघितलं तर लोकांना पटायचं नाही. डोळे सगळ्यांना होते, पण भरवसा तिच्यावर होता. भरवसा म्हणजे काय असतं ते ज्याच्या मानेवर बसतं त्यालाच कळतं.

लग्न होऊन आली तेव्हा वहिनी दोन घागरी एकावर एक घेऊन चढ चढायची आणि वर पोचल्यावर माझी चेष्टा करायची, की भाऊजी, दम लागला असेल तर तुम्हालाही कडेवर घेते. नंतरची वहिनी वेगळी. झोपेत दात खायची. आधी दादाला वाटलं उंदीर आहे. एक दिवस दाढेचा टवकाच उडाला, तो तिनं तळहातावर घेऊन दाखवला, जसा काही तांदळातला खडा. पोटात आग पडायची म्हणून घास टाळायची. तळहात असे उलायचे की दुधाला हात लावताना तूप चोपडून घ्यावं लागे. केस फणीला येत. आमची ताई एकदा मला आडून आडून म्हणाली की अरे, तिचं बायकांचं सगळं थांबलंय, चाळिशीही नाही अजून. मी मान खाली घालून ऐकलं. आणखी काय करणार.

तिचं एकटीचंच होतं असं नाही. दादाच्या मानेत गोळा धरलेला, उजवीकडे बघायचं तर तो अख्खा वळायचा. मला दारात खुर्ची सरकली तरी छातीत धडधड. सुतारबाबा म्हणायचे, आपल्या वस्तीत दोनच गोष्टी वाढतात, धरणातलं पाणी आणि बीपी. माझ्यासाठी दोन ठिकाणी मुली बघितल्या. दोन्हीकडचे लोक आले, चहा प्यायले, दारातून वर भिंतीकडे बघितलं आणि मुलगी अजून शिकतेय म्हणाले. सुतारबाबा म्हणाले, भिंत उतरेपर्यंत ती शिकतच राहील.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी वहिनीच्या दंडाला पट्टा आवळून बीपी बघितलं आणि पुन्हा बघितलं, कारण पहिला आकडा त्यांना पटला नाही. गोळ्या दिल्या. झोप लागते का विचारलं. ती म्हणाली, मी झोपते, कान झोपत नाहीत. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. येताना वाटेत ती म्हणाली, घ्यायला मी काय दुकानात गेले होते, भाऊजी? घरपोच आलंय.

या साली धरण काठोकाठ भरलं आणि तुम्ही आमची काळजी घ्यायचं ठरवलंत. टेकडीवर लोखंडी खांब उभा केलात आणि त्यावर भोंगा बसवलात. भिंत दुरुस्त करायला पैसा नव्हता, भोंग्याला होता. धोका असला की वाजेल, ऐकलं की टेकडीवर पळायचं, एवढं तुमचा माणूस सांगून गेला.

तो वाजला सकाळच्या धारेच्या वेळी. वहिनी भुरीच्या कासेखाली बसली होती, गुडघ्यांत कासंडी. भुरी म्हणजे आमची म्हैस, घर तिच्यावरच चालतं. दूध मी सायकलवरून बाजारातल्या हॉटेलांना घालतो. त्या आवाजाचं वर्णन करत नाही. तुम्ही तो विकत घेतलाय, तुम्हाला माहीत असेल. भुरीनं एका हिसक्यात दावं तोडलं. कासंडी लवंडली. वहिनीनं कोपऱ्यातलं रेडकू कवेत उचललं आणि चढावर पळाली. वाटेत दगडावर आपटली, दोन्ही गुडघे फुटले, पण रेडकू सोडलं नाही. दादा शेजारच्या म्हातारीला पाठीवर घेऊन पळत होता. सुतारबाबा नवं दार डोक्यावर घेऊन पळत होते. आयुष्यभराची हत्यारं घरात टाकली आणि गिऱ्हाईकाचं दार उचललं. मागून म्हणाले, हातात जे होतं ते आलं.

वर खांबापाशी तुमचा माणूस हातात घड्याळ धरून उभा होता. आम्ही धापा टाकत पोचलो तसा म्हणाला, छान, शाबास, मागच्या गावापेक्षा तुम्ही पुष्कळ लवकर आलात.

कुणाला काही कळेना. सगळे वळून भिंतीकडे बघत होते. भिंत होती तशी होती.

'चाचणी होती,' तो म्हणाला. 'भोंगा चालतो का ते बघायचं होतं.'

वहिनीच्या गुडघ्यातून रक्त पोटरीवर उतरलं होतं. रेडकू अजून कवेत. ती म्हणाली, 'सांगून वाजवायचा.'

'सांगून वाजवला तर चाचणी कसली, बाई?'

सुतारबाबांनी दार खाली ठेवलं आणि विचारलं, पहिला नंबर आला तर बक्षीस काय आहे, साहेब. तो हसला. आमच्यातलेही दोघंतिघं हसले, कारण पाय कापत असताना माणसाला काहीतरी करावं लागतं. मग तो म्हणाला की आता खाली जा, आपापली कामं करा, काही झालेलं नाही.

आम्ही खाली आलो. वहिनीचं अंग खाली आलं, आतलं काय ते वरच राहिलं. दुसऱ्या दिवशीही तिच्या हातातल्या बशीचा आवाज थांबत नव्हता.

भुरीनं पान्हा चोरला. वहिनी कास धुवायची, रेडकू सोडायची, पाठ थोपटायची, तिच्या कानाशी गुणगुणायची. भुरी पाय आखडून उभी. कास भरलेली, सड ताठ, आणि हाताला चार थेंब. पेंडीचं आंबोण पुढ्यात तसंच. बाजारातल्या हॉटेलवाल्यानं पहिल्या दिवशी काही म्हटलं नाही. मग म्हणाला, तुझी म्हैस दुखवट्यात आहे का. मग दुसऱ्याकडून दूध घ्यायला लागला. सायकलला रिकाम्या किटल्या अडकवून घरी यायचं म्हणजे काय, ते वाटेवरच्या माणसांच्या नजरेवरून कळतं. शेजाऱ्यानं सांगितलं, सुई टोच, झक मारत दूध सोडेल. दादा आणायला निघालाही होता. वहिनी गोठ्याच्या दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, भ्यालेल्या जिवाला टोचून काढलेलं दूध मला नको.

म्हणून गुरांचा डॉक्टर बोलावला. तरुण होता, पण वैरणीत गुडघे टेकून बसणारा. त्यानं भुरीला जे विचारलं, म्हणजे आम्हाला तिच्याबद्दल विचारलं, ते ऐकून मी थक्क झालो. रवंथ करते का? बसते का, की सारखी उभीच? शेण कसं आहे? कान कुठं असतात?

'कान भिंतीकडे,' वहिनी म्हणाली. 'सदाच.'

त्यानं गोठ्याच्या दारातून वर बघितलं. भिंत दाराएवढीच दिसते, म्हणजे दारभर. मग त्यानं भुरीच्या पोटाला कान लावला आणि बराच वेळ ऐकलं.

'हिला आजार नाही,' तो म्हणाला. 'जनावर भ्यालं की दूध वर ओढून धरतं. सुईनं दूध येईल, भीती जाणार नाही. जागा बदला. जिथून भिंत दिसत नाही नि भोंगा ऐकू येत नाही अशा ठिकाणी बांधा. नाहीतर कास सुकेल, आणि नुसती कासच नाही.'

वहिनी दावं धरून उभी होती. तिनं विचारलं, 'आणि माणूस भ्यालं की काय ओढून धरतं, डॉक्टर?'

त्याला वाटलं ती चेष्टा करतेय. तो हसायला गेला. मग त्याची नजर तिच्या उललेल्या हाताकडे गेली आणि हसू तोंडातच राहिलं.

'माणसं माझ्याकडे येत नाहीत,' तो म्हणाला. हात धुतले, पैसे कमी घेतले आणि गेला.

म्हशीला पाहुण्यांकडे पाठवायचं ठरलं. ताईचं सासर टेकडीपलीकडे माळावर. भुरी दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू देत नाही, तेव्हा वहिनीनंही जायचं ठरलं. ती कसली तयार होतेय. पाणी कोण बघणार, हे एकच. शेवटी पेला माझ्या हातात आला. देताना तिनं असं समजावलं, जसं तान्हं मूल सोपवतेय. आधी राखेनं घासायचा. मग पाझराच्याच पाण्यानं तीनदा विसळायचा, घरच्या नाही. भरताना तळाची रेती ढवळायची नाही. उजेड पाठीमागे घ्यायचा नाही, समोर घ्यायचा. आणि बघून झाल्यावर लगेच बोलायचं नाही, पुन्हा एकदा बघायचं, मग बोलायचं.

'आणि गढूळ दिसलं तर?' मी विचारलं.

'तर विचार करत बसू नका,' ती म्हणाली.

माळावर काय झालं ते मला ताईनं नंतर सांगितलं. तिथून भिंत दिसत नाही. वारा आणि गवत, बाकी काही नाही. भुरी पहिले दोन दिवस कान टवकारून उभी होती. मग एकदा धप्पकन बसली आणि रवंथ करायला लागली. त्याच संध्याकाळी पान्हा सोडला. कासंडीत धारेचा आवाज आला तशी वहिनी कासेखालीच रडली, ताई म्हणाली, पण हात थांबवला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी वैरणीच्या ढिगाला टेकली आणि झोपली. नुसती डोळा लागून नाही, तोंड उघडं टाकून, घोरत झोपली. ताईच्या सासूनं भांडी आपटली तरी उठली नाही. धारेची वेळ टळून गेली. ताईनं सगळ्यांना दटावून ठेवलं की कुणी उठवायचं नाही. उठली तेव्हा दिवस मावळला होता आणि ती घाबरीघुबरी होऊन विचारत होती, कोणी वाजवला, कोणी वाजवला. कुणीच नाही गं, ताई म्हणाली. तुझं घोरणंच काय ते वाजत होतं.

मग ती खायला लागली. मागून घेऊन खायला लागली. ताईच्या सासूशी चुलीवरून कडाकडा भांडली, म्हणजे बरी होत होती. तिथल्या उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी बीपी बघितलं, तर आकडा पुष्कळ उतरला होता. गोळी तीच होती. नर्सबाईंनी विचारलं, काय बदल केला. ती म्हणाली, म्हशीबरोबर आलेय.

ताई स्वतः खाली आली आणि दादाला म्हणाली, तिला आणू नकोस. म्हशीला राहायला सांगितलंय ना, मग तिलाही राहू दे. दादा म्हणाला, राहू दे. घर मी बघतो, धुणं-भांडीही करतो, तिला म्हणावं पाणी नितळच आहे, इकडे बघूसुद्धा नको. माझ्या भावाला मी एवढं लांब वाक्य बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं.

पण वस्तीला मी पटत नव्हतो. मी सांगितल्याप्रमाणे घासत होतो, विसळत होतो, दोनदा बघत होतो, आणि 'नितळ' म्हणत होतो. बायका 'हो का' म्हणायच्या आणि मागून स्वतः जाऊन बघून यायच्या. पुरुषही जायचे. पाझरावर रीघ लागली. एकाला नितळ दिसायचं, दुसऱ्याला जरा तांबूस. तांबूस दिसलं की त्या घरातलं सामान बांधलं जायचं, नितळ दिसलं की सोडलं जायचं. माझ्यावर विश्वास नाही म्हणून रागावू तरी कसा, मला स्वतःलाच रोज हिरवं, निळं, काय काय दिसत होतं. बघून बघून पाण्यात भिंतच दिसायला लागते.

सुतारबाबांना मोतीबिंदू. एका सकाळी ते कुणाला न सांगता आपल्या घरचा पेला घेऊन पाझरावर गेले, भरला, धरला, आणि त्यांना पांढुरकं दिसलं. म्हातारा घाबरला. पण ओरडायची त्यांना खात्री नव्हती. भोंग्याला हसलेला माणूस तो, स्वतःचा भोंगा कसा करणार. तेव्हा त्यांनी एकच केलं. पेल्यावर तळहात झाकला आणि टेकडी चढून, उतरून, उन्हातान्हात माळावर ताईच्या घरी गेले. अंगणात वहिनी शेण कालवत होती. तिच्यापुढे पेला धरला. निम्मं पाणी वाटेत सांडलं होतं.

'सूनबाई, हे बघ जरा,' ते म्हणाले. 'मला नीट दिसत नाही.'

वहिनीनं शेणाचे हात धुतले. पेला घेतला, उजेड समोर घेतला, एक डोळा मिटला. पुन्हा एकदा बघितलं. मग तिनं पेला नाकाशी नेला. वास घेतला.

'बाबा, सकाळी दूध कशातून घेतलंत?'

सुतारबाबांनी पेल्याकडे बघितलं.

'ह्यातूनच ना?'

म्हाताऱ्यानं मान हलवली. ती हसली, ताई हसली, ताईची सासूसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. सुतारबाबांना जेवू घातलं. ते मटकन बसले होते, पायांत गोळे आलेले. ताई सांगते, त्यांचं जेवण होईपर्यंत वहिनी हसत होती. हात वाळत घातल्यासारखे पुढ्यात ठेवून बसली होती. मग उठली आणि पिशवी भरायला लागली.

ताई आडवी आली. म्हणाली, काही नव्हतं ना पाण्यात, मग.

'आज नव्हतं,' वहिनी म्हणाली. 'ताई, आज दुधाच्या पेल्याला ते गढूळ म्हणाले. उद्या खरंच गढूळ येईल नि म्हणतील, पेला धुतला नसेल.'

ताईच्या जावेनं तोवर भुरीची धार काढायला जमवलं होतं. भुरी माळावर राहिली. वहिनी खाली आली. जनावराला ज्या जागी ठेवू नये असं डॉक्टर सांगून गेला होता, त्या जागी ती सुतारबाबांच्या मागोमाग चालत आली, हातात त्यांचा घासून लख्ख केलेला पेला.

दादा तुमच्या कचेरीत आला होता. तुम्हाला आठवणार नाही. इस्त्रीचा सदरा घालून आला होता, बाकावर दुपारपर्यंत बसला होता, आणि मान वळत नाही म्हणून दार उघडलं की दरवेळी अख्खा उठून वळत होता. तुमचा शिपाई त्याला म्हणाला, सारखा उठबस करू नको, शिक्षा दिलीय का तुला. आत घेतलंत तेव्हा तो म्हणाला की आम्हाला हलवा, नाहीतर भिंत नीट करा, नाहीतर ती टिकणार का नाही ते एकदा तोंडानं सांगा. तिन्हीतलं काहीही चालेल. तुम्ही म्हणालात, भिंत निरीक्षणाखाली आहे, काळजीचं कारण नाही.

'निरीक्षण कोण करतंय?' दादानं विचारलं.

'आमची माणसं आहेत.'

'तुमची माणसं म्हणजे माझी बायको,' दादा म्हणाला.

तुम्ही घंटी वाजवलीत.

नंतर भोंगा आणखी दोनदा वाजला. एकदा तार शॉर्ट झाली म्हणून, एकदा का ते कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या वेळी वहिनी पळाली नाही. पेला घेऊन उलटी भिंतीकडे गेली, पाणी बघितलं, आणि चढावर धापा टाकणाऱ्या लोकांना खालून हात हलवून सांगितलं, या परत. त्यानंतर भोंगा वाजला की लोक आधी तिच्याकडे बघायला लागले. म्हणजे तुमच्या भोंग्याचं कामही तिच्याकडेच आलं. दवाखान्यातला आकडा होता तिथं परत गेला, मग त्याच्याही वर. डोकं मागून ठणकायचं. डाव्या हाताला मुंग्या यायच्या, ती म्हणायची घागरीनं. डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि म्हणाले, विश्रांती घ्या. ती 'बरं' म्हणाली. आमच्यात 'बरं' म्हणजे नाही.

त्या सकाळी ती नेहमीसारखी गेली. ऊन अजून भिंतीपलीकडेच होतं. मी सायकलची चेन बसवत होतो, दादा अंगण झाडत होता. शेजारीण म्हणाली, अजून आली नाही का हो. तेवढ्यावर दादा झाडू टाकून पळाला आणि मी त्याच्या मागे.

ती पाझरापाशी एका अंगावर पडली होती. तोंड उजवीकडे ओढलेलं, डोळा उघडा, डावा हात पाण्यात. उजव्या हातात पेला होता, सरळ, दगडावर टेकवलेला. पडताना गुडघे, कपाळ सगळं आपटलं, पेला आपटू दिला नव्हता. भरलेला होता.

दादा तिच्यापाशी वाकला आणि त्यानं आधी पेला बघितला.

क्षणभरच. मान वळत नाही म्हणून अख्खा वाकून, उजेडाकडे धरून बघितला. नितळ होता. मग तो खाली ठेवला आणि तिला छातीशी घेतलं. मीही त्याच्या खांद्यावरून पेल्याकडेच बघत होतो. मागून आलेल्या बायकांनीही पहिल्यांदा तेच विचारलं. बायको पडलीय आणि नवरा पाणी बघतोय, ही वेळ आमच्यावर कुणी आणली ते मला नीट माहीत आहे.

सुतारबाबांनी ते दार आणलं, भोंग्याच्या दिवशीचं. त्यावर तिला घातलं आणि डांबरी रस्त्यापर्यंत नेलं. वाटेत तिच्या तोंडातून आवाज येत होता, शब्द होत नव्हता. दादा कान लावून विचारत होता, काय, काय पाहिजे. मला कळलं ती काय म्हणतेय. मी म्हणालो, नितळ आहे, वहिनी. तेव्हा आवाज थांबला.

मोठ्या दवाखान्यात म्हणाले, मेंदूत रक्त उतरलंय, डावं अंग गेलं, वाचा परत येईल का सांगता येत नाही. बीपीचा त्रास कधीपासून, विचारलं. दादा म्हणाला, भिंतीला तडा गेला तेव्हापासून. त्यांनी फक्त वर्ष लिहून घेतलं.

तिला घरी आणलं त्यानंतर तुमचा एक जण आला. जरा चांगला होता, चपला दारात काढल्या. म्हणाला, वाईट झालं, पण हे आजारपण आहे. भिंतीशी याचा संबंध जोडता येणार नाही. सुतारबाबा उंबऱ्यावर बसले होते. त्यांनी विचारलं, पाण्यात बुडून गेली असती तर जोडला असता का. तो म्हणाला, तसं झालं असतं तर गोष्ट वेगळी होती. सुतारबाबा म्हणाले, म्हणजे चुकलंच तिचं, थांबायला हवं होतं. त्यानं चहा घेतला नाही. तो गेला आणि तुम्ही ते लिहिलंत, इजा झालेली नाही म्हणून.

म्हशीच्या डॉक्टरनं पोटाला कान लावला होता. तुम्ही काही लावलंत? वहिनीला माळावर न्यायला ताई गाडी घेऊन आली होती. वहिनीनं उजव्या हातानं खाटेचा पाय धरला तो सोडला नाही. ओढून न्यायचं कसं.

आता तिची खाट खिडकीशी आहे. रोज सकाळी दादा पेला राखेनं घासतो, पाझरावर तीनदा विसळतो, भरतो, घरी आणतो आणि खिडकीच्या उजेडात तिच्या डोळ्यांपुढे धरतो. एक डोळा नीट मिटत नाही, म्हणून तो हातानं झाकतो. ती बघते. लगेच नाही सांगत. पुन्हा एकदा बघते. मग पापणी खाली घेते, म्हणजे नितळ. दारात बायका उभ्या असतात, त्या जातात, चुली पेटतात. तिच्या कपाळावर घाम असतो. घरी येणाऱ्या नर्सबाई पट्टा आवळतात आणि मान हलवतात. पुढचा झटका आला तर तो शेवटचा, हे त्यांनी आम्हाला सांगून ठेवलंय.

मला तुमच्याकडून कागद नको. भोंगा नको, सहानुभूती नको. तुमच्यातल्या एका माणसानं दगडावर उभं राहून तिला सांगितलं होतं, बघत जा. आता तुम्ही या. चिखलातून चालत या. तिच्या खाटेशी उभे राहा, भिंत टिकणार की आम्हाला हलवणार ते तिच्या तोंडावर बोला, आणि तिला सांगा, बस झालं, पेला खाली ठेव.

सांगता येईल? बोला.